मिलिसावच्या गाडीचं झाकण

स्टामेनाच्या पहिल्या नवऱ्याला, मिलिसावला, जाऊन नऊ वर्षं झाली आणि तिनं माझ्याशी लग्न केल्याला सहा. एवढ्या काळात मेलेला माणूस भिंतीवरच्या फोटोत जाऊन गप्प बसतो. मिलिसाव बसला नाही. तो गॅरेजात राहिला. तिथे त्याचा फिचा उभा असतो. पिस्त्याच्या रंगाची सत्तेचाळीस वर्षांची बुटकी गाडी, इंजिन मागे, डिकी पुढे, आणि आत दोन माणसं बसली की तिसऱ्यानं श्वास रोखून धरायचा. मिलिसाव क्रागुयेवात्सच्या कारखान्यात याच गाड्यांची इंजिनं जोडायचा. आमची अख्खी गल्ली सांगते की नुसता आवाज ऐकून तो गाडीचं दुखणं ओळखायचा. मी कवळ्या करायचो. चाळीस वर्षं लोकांना दात करून दिले. माझ्या हातचे दात तोंडात घालून लोक मिलिसावचं कौतुक करतात.

जुलैमध्ये नेवेनाचा फोन आला. नेवेना म्हणजे स्टामेनाची आणि त्याची मुलगी, सरहद्दीपलीकडे समुद्राकाठी तिवातला राहते. तिच्या बाळाचा बाप्तिस्मा ठरला होता, रविवारी.

"आई, बाबांचा फिचा घेऊन या," ती म्हणाली. "बाळाला चर्चमध्ये आजोबांच्या गाडीतूनच न्यायचंय."

आजोबांच्या! फोन स्पीकरवर होता आणि मी चुलीपाशी मिरच्या भाजत होतो. साडेचारशे किलोमीटर गाडी हाकायची मी, आणि गाडी आजोबांची.

"जमेल का तुला?" स्टामेनानं फोन ठेवून विचारलं.

"न जमायला काय झालं? मिलिसावला जमायचं ना?"

"आम्ही दर उन्हाळ्यात जायचो."

"झालं तर मग," मी म्हणालो, आणि मिरची गरम असतानाच सोलायला घेतली. दोन बोटं भाजली.

मला एकच काळजी होती. गाडी माझ्या हातून तिवातला धडधाकट पोचायला हवी. वाटेत मेली तर गल्लीतले लोक मी मरेपर्यंत सांगत सुटतील, मिलिसावनं तीस वर्षं सांभाळली, राडोयकोनं एका दिवसात घालवली. आणि खरं सांगायचं तर त्याहून मोठी एक हाव होती. मिलिसावला जे आलं नसतं ते तुला आलं, एवढं एक वाक्य मला स्टामेनाच्या तोंडून ऐकायचं होतं. सहा वर्षं मी त्या वाक्यासाठी झुरत होतो.

शनिवारी पहाटे निघालो. शेजारच्या म्हातारीनं रिवाजाप्रमाणे गाडीमागे तांब्याभर पाणी ओतलं. टाकी अर्धी होती, ऊन नव्हतं, फिचा उझित्सेपर्यंत गुणी मुलासारखा चालला. तिथे टाकी तुडुंब भरून घेतली.

"मिलिसाव इथेच भरायचा का?" मी विचारलं.

"इथेच," स्टामेना म्हणाली.

मला माहीतच होतं.

पुढे झ्लातिबोरचा चढ लागला. उन्हाळ्यात चढावर फिचाच्या इंजिनाचं झाकण काठी लावून उघडं ठेवतात, तसं मीही ठेवलं होतं. पंधराएक किलोमीटर झाले असतील, फिचानं दोन आचके दिले, तिसरा दिला आणि बसला. मी मागे गेलो. प्लगची वायर काढून पाहिली, ठिणगी छान पडत होती. मग कार्बोरेटरला येणारी नळी काढली आणि स्टामेनाला स्टार्टर मारायला सांगितलं. नळीतून एक थेंब आला नाही. काटा तर टाकी भरलेली दाखवत होता.

"काय मग, अशा वेळी मिलिसाव काय करायचा?"

"पंपावर ओलं फडकं टाकायचा आणि सिगारेट ओढायचा," ती म्हणाली.

बघा. गाडी थांबून पाच मिनिटं झाली नाहीत, तोच मिलिसाव हजर.

टाकीतलं पेट्रोल खेचणारा तो चिमुकला पंप इंजिनाला चिकटून असतो. उन्हाळ्यात तो तापला की पेट्रोलची आतच वाफ होते, आणि वाफ काही खेचता येत नाही. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शिवाय रस्त्यात फिचा झाकण उघडून उभा दिसला की पन्नाशी उलटलेला एकही पुरुष सल्ला दिल्याशिवाय पुढे जात नाही. पहिल्यानं व्हॅनमधून नुसतंच "पंप!" म्हणून ओरडून घेतलं. दुसरा खाली उतरला. पिकल्या मिशांचा, बावीस वर्षं फिचा चालवलेला.

"पंपच आहे," पाठीमागे हात बांधून तो म्हणाला. "ओलं फडकं टाक."

"टाकलंय की."

"मग सिगारेट ओढ."

"मी ओढत नाही."

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू खरा बिघाड त्याला तिथेच सापडला. "मग फिचा घेतलास कशाला?" असं म्हणून तो निघून गेला.

पंचवीस मिनिटांनी किल्ली फिरवली आणि गाडी एका दमात सुरू झाली. मिलिसाव पास. आणि गाडी चालत होती, त्यामुळे मला कुणावर चिडताही येत नव्हतं.

नोवा वारोशच्या पुढे उतार आहे. दोन्ही बाजूंना देवदार, सावली, गार वारा. इंजिनाला काही कामच नव्हतं, गाडी आपल्या वजनानं चालली होती. तिथे फिचानं पुन्हा तेच तीन आचके दिले. मी उडी मारून मागे धावलो आणि पंपाला हात लावला. गार! नळी काढली, स्टार्टर मारला, पुन्हा थेंब नाही. आता इतका आनंद होण्यासारखं त्यात काय होतं, असं कुणी म्हणेल. पण मला झाला.

"स्टामेना, इकडे ये! हात लाव. लाव ना! तापलाय का पंप?"

"नाही तापला."

"नाही ना? मग उन्हाचा काय संबंध? आता काय म्हणेल तुझा मिलिसाव?"

"माझा मिलिसाव काही म्हणणार नाही," ती म्हणाली. "तो मेलाय. घे, चीजची पिता खा."

रस्त्याकडेच्या दगडावर बसून आम्ही ती चीज भरलेली पदरांची पोळी खाल्ली, वर दही प्यायलो. अर्ध्या तासानं गाडी आपली आपण सुरू झाली. पण मला आता नुसती सुरू व्हायला नको होती. मला रोग पकडायचा होता. मिलिसावनं आयुष्यभर फडक्याखाली झाकलेला रोग मी, दातवाला राडोयको, पकडणार होतो. पिता खाऊन मी अगदी फॉर्मात आलो होतो.

तिसऱ्यांदा गाडी लिम नदीच्या काठी थांबली. सरहद्द दहाएक किलोमीटरवर होती, अकरा वाजत आले होते. स्टामेना कॅन घेऊन वरच्या वळणावर झऱ्याचं पाणी आणायला गेली. मी विचार केला, ठिणगी आहे, पंप गार आहे, तरी पेट्रोल येत नाही, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत काहीतरी अडकलंय. टाकीचं तोंड उघडायचं आणि नळीत उलटी फुंकर मारायची. फिचाची टाकी पुढच्या डिकीत असते आणि आम्ही तिच्यावर सगळा संसार रचला होता. बाळाचा पाळणा, सायीचे डबे, जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्या, माझा सूट. सगळं एकेक करून गवतावर काढलं. मग टाकीचं झाकण फिरवलं.

झाकण सुटत नव्हतं. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा सुटलं, आणि टाकीनं असा लांबलचक श्वास आत ओढला की मी दचकून मागे सरलो. पाठोपाठ टाकीचा पत्रा आतून 'डब्' वाजला. टाकी पोटाशी आवळून बसली होती ती सैल झाली. पेट्रोल बाहेर गेलं की त्याच्या जागी हवा आत यायला हवी, आणि आत यायला हवेला वाटच नव्हती. पंप बिचारा खेचून खेचून दमत होता. थांबलो की झाकणाच्या कडेनं हळूहळू थोडी हवा शिरायची आणि गाडी पुन्हा चालायची. अर्ध्या टाकीत हवेला मुळातच जागा होती, म्हणून उझित्सेपर्यंत काही जाणवलं नाही. टाकी तुडुंब भरली आणि गळा आवळला.

झाकण उलटं करून पाहण्याची गरज नव्हती. मला माहीत होतं. तरी पाहिलं.

झालं होतं असं. दोन आठवड्यांपूर्वी स्टामेना सहज म्हणाली होती, की बाजारातून येताना डिकीतल्या पावाला पेट्रोलचा वास लागतो. मी विचारलं, मिलिसावच्या वेळीही लागायचा? ती म्हणाली, लागायचा की. झालं. तीस वर्षं बायको वासाचा पाव खाते आणि या मोठ्या कारागिराला त्याचं काही नाही! मी दुपारी टाकीचं झाकण काढून घरात आणलं. मधोमध सुईच्या नाकाएवढं भोक दिसलं. दातात असो की झाकणात, भोक दिसलं की माझे हात शिवशिवतात. कवळीच्या हिरड्यांना लावतो तो गुलाबी मसाला कालवला, आतून दाताएवढा गोळा थापून भोक बुजवलं, वरून घासून गुळगुळीत केलं. नख फिरवलं तर कळणार नाही, असं काम. मिलिसावला तीस वर्षांत जमलं नाही ते मी कॉफी निवायच्या आत केलं, असं म्हणून मी स्वतःवर इतका खूश झालो होतो की स्टामेनाला सांगायचंही राहिलं. खरं म्हणजे राहिलं नाही. तिचं तिलाच कळावं, असं मला वाटत होतं.

ते भोक मिलिसावनं हवेसाठी स्वतः पाडलं होतं. आता उन्हात पाहिलं तर गुलाबी मसाल्याभोवती त्याची कड किती गोल आणि किती नेटकी होती ते दिसत होतं. तो माणूस सात हात जमिनीखाली होता आणि तरी बरोबर होता.

मी एक खिळा शोधला, दगडानं दोन ठोके मारले. गुलाबी खडा टणकन उडाला. तो उचलून खिशात टाकला, झाकण लावलं, सामान होतं तसं रचलं, गाडी चालू केली. स्टामेना कॅन घेऊन वळणावरून उतरत होती. चालू गाडी पाहून तिनं पावलं उचलली.

"झाली? कशी काय?"

आता बोललो असतो तर एका वाक्यात संपलं असतं.

"नळीत कचरा होता," मी म्हणालो. "फुंकून काढला."

"तुला कसं कळलं?"

"विचार केला. पंप गार होता ना."

ती गाडीत बसली आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. सरहद्द गेली, मोयकोवात्सचा घाट गेला. फिचा चढावर गुरगुरत होता, पण आचका म्हणून नाही. ऊन आग ओकत होतं आणि पंपावरचं फडकं कधीच सुकून गेलं होतं. मला राहवेना.

"खरं सांग. मिलिसावला हे सापडलं असतं?"

तिनं विचार केला. उगाच म्हणायचं म्हणून म्हणाली नाही, खरंच विचार केला.

"नसतं," ती म्हणाली. "तो संध्याकाळपर्यंत फडकीच भिजवत बसला असता." आणि तिनं हात लांब करून माझ्या मानेवर ठेवला.

हेच ते वाक्य. सहा वर्षं. आणि वर तो हात. मी आता गाणं म्हणायला हवं होतं. पण मानेवरचा हात मला जड व्हायला लागला. ती ज्याच्या मानेवर हात ठेवून बसली होती, त्यानं नळीतला कचरा शोधून काढला होता. तो माणूस मी नव्हतो. त्याला ही शाबासकी मिळत होती, त्याच्याकडे ती अशी बघत होती, आणि देवाशपथ सांगतो, मला त्याचाही हेवा वाटायला लागला. आजवर एक होता, आता दोन झाले. त्यातला एक तर माझाच शर्ट घालून बसला होता.

कोलाशिन मागे पडलं. स्टामेनानं नाक वर करून हुंगलं.

"पेट्रोलचा वास येतोय परत," ती म्हणाली. "मधे गेला होता, नाही का?"

"हं."

"सायीला लागेल. नेवेना म्हणेल, आईनं पेट्रोल आणलं डब्यात."

मी आणखी एक किलोमीटर चालवली. मग खिशातला खडा काढून तिच्या मांडीवर टाकला.

"हे काय? दात आहे?"

"हिरडी," मी म्हणालो. "झाकणाला भोक होतं ते मी बुजवलं होतं. म्हणून गाडी बंद पडत होती. नळीत काही नव्हतं."

"कधी बुजवलंस?"

"दोन आठवडे झाले. वास जावा म्हणून." आणि एकदा तोंड उघडलंच होतं म्हणून पुढचंही सांगून टाकलं. "वासासाठी नाही. त्याला तीस वर्षांत जमलं नव्हतं म्हणून."

ती खडा बोटांत फिरवत राहिली.

"थांबव गाडी."

"अगं, इथे..."

"थांबव म्हटलं ना!"

मी थांबवली. ती उतरली, दार आपटलं, आणि पर्स बगलेत धरून रस्त्याच्या कडेनं चालू लागली. बासष्ट वर्षांची बाई, समुद्र दीडशे किलोमीटरवर, आणि ती चालत निघाली. मी पहिल्या गिअरमध्ये तिच्या बाजूनं गाडी घेतली, काच खाली केली. मागून हॉर्न वाजायला लागले. एका ट्रकवाल्यानं पुढे जाता जाता खिडकीतून ओरडून सांगितलं, "ओलं फडकं टाक रे!"

"स्टामेना, बस ना आत. चुकलं माझं. खोटं बोललो."

"खोट्याचं मला काही नाही. सगळेच बोलतात."

"मग? भोकाचं? त्याच्या गाडीला हात लावला म्हणून?"

ती थांबली. मीही थांबलो.

"एक सांग," ती म्हणाली. "आज सकाळपासून त्याचं नाव किती वेळा निघालं?"

"पाच-सहा वेळा निघालं असेल."

"कुणी काढलं?"

मी बोलायला तोंड उघडलं. उझित्सेला... ते मी विचारलं होतं. झ्लातिबोरला, तेही मीच. उतारावर मीच. घाटात मीच. मग मी कालचं आठवलं, मग परवाचं, मग मिरच्या भाजल्या तो दिवस, पावाच्या वासाचा दिवस. आठवत आठवत मागे गेलो, पण तिनं आपणहून काढलेलं असं एकही आठवेना. असेल एखादं, पण ऐनवेळी सापडेना.

"मी त्याला एकदाच पुरलं, राडोयको," ती म्हणाली. "नऊ वर्षं झाली. रडले, चाळिसाव्या दिवसाचं केलं, वर्षश्राद्ध केलं, संपलं. तू त्याला रोज सकाळी उकरून काढतोस, माझ्यासमोर आणून बसवतोस आणि वर मलाच विचारतोस, बाई, हा अजून इथे कसा? मी दमले रे. एका नवऱ्याचं करता करता दमले होते, तू दोघांचं करायला लावलंस."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज रागाचाच होता. मी उतरलो, पलीकडे जाऊन तिच्या बाजूचं दार उघडलं आणि ते धरून उभा राहिलो. मागे पाच-सहा गाड्या अडकल्या होत्या, त्या बोंबलत होत्या. बोंबलू दे.

ती येऊन बसली. खडा तिनं खिडकीतून दरीत भिरकावला आणि मांडीवर पर्स घेऊन म्हणाली, "चल आता. उशीर झालाय."

निघालो. रस्ता मोराचा नावाच्या नदीच्या घळीत उतरायला लागला. माझ्या जिभेवर एक प्रश्न आला होता. तो मी गिळला. तो परत आला. पुन्हा गिळला.

"विचार," समोर बघत ती म्हणाली.

"कुठे काय?"

"कान लाल झालेत तुझे. विचारून टाक, नाहीतर तिवातपर्यंत फुगून बसशील. एवढा शेवटचा."

"त्याच्या गाडीतून," मी म्हणालो, "तू कधी अशी उतरून गेली होतीस?"

दोन बोगदे गेले.

"नाही," ती म्हणाली. "त्यानं गाडी थांबवलीच नसती."

पुढच्या वळणावर मी वेग जरा कमी केला.